मागचे पाय लुळे पडले, म्हणजे सगळं संपलं का?

"डॉक्टर, काल रात्रीपर्यंत उड्या मारत होता, आज मागचे पाय ओढतोय. इंजेक्शन देऊन मोकळा करायचा का?" पशुवैद्यांना हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्याच दिवशी हा निर्णय घेऊ नका.

डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. तेव्हा 'चालतो का?' यापेक्षा 'पायाच्या बोटांत खोलवर वेदना जाणवते का?' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. हे डॉक्टरांनाच तपासू द्या, कारण चिमटा घेतल्यावर नुसता पाय आखडणं ही प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. वेदना जाणवत असेल, तर योग्य उपचारांनी बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. जाणवत नसेल, तर शक्यता कमी होते आणि शस्त्रक्रियेबाबत तातडीने ठरवावं लागतं.

एक चूक मात्र टाळा. घरी तेल लावून पाठ रगडू नका. सुरुवातीचे काही आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या जागेत सक्तीची विश्रांती हाच अनेकदा मुख्य उपचार असतो. तुमच्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळीही देऊ नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की फिजिओथेरपी सुरू होते. पाण्यातल्या ट्रेडमिलवर पाणी खुब्यापर्यंत असेल, तर पायांवर शरीराचं जेमतेम 38 टक्के वजन येतं, म्हणून अशक्त पायही चालू लागतात. ही सोय तुमच्या गावात नसेल, तरी निराश होऊ नका. सांधे हळुवार वाकवणं-सरळ करणं, पोटाखाली टॉवेलचा आधार देऊन उभं करणं, गुळगुळीत फरशीवर चटया अंथरणं, जखमा होऊ नयेत म्हणून दर चार तासांनी कूस बदलणं, हे सगळं घरी जमतं. लघवी आपोआप होत नसेल, तर मूत्राशय रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणि वजन वाढू देऊ नका.

फिजिओथेरपी म्हणजे चमत्कार नव्हे. काही प्राणी पुन्हा चालणार नाहीत, पण चाकांच्या गाडीवर आनंदाने फिरतील. वेदना कशानेच थांबत नसतील, तर निरोप देणं हीच माया. पण तो निर्णय तपासणीनंतर, उपचारांना वेळ देऊन व्हावा. घाबरलेल्या पहिल्या सकाळी नको.