अंधारातला कॅमेरा हरणाला कळतो का?

जनावर समोर आले की आपोआप चित्र टिपणाऱ्या कॅमेरा ट्रॅपची रात्रीची चित्रे ओळीने पाहत गेले की एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. सांबर असो, चितळ असो की भेकर, कितीतरी चित्रांत जनावर कान टवकारून थेट भिंगाकडे पाहत असते. इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा प्रकाश तर अदृश्य म्हणून विकला जातो. मग ते जनावर पाहते कशाकडे?

हा हौशी लोकांचा प्रश्न वाटेल, पण त्यावर बरेच काही अवलंबून आहे. २०२२च्या व्याघ्रगणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ४ कोटी ७० लाखांहून अधिक छायाचित्रे जमली. त्यांत वाघाची ९७,३९९, म्हणजे पाचशे चित्रांमागे साधारण एक. उरलेल्या ढिगात गुरे, माणसे, वाऱ्याने हललेले गवत असे सगळेच येते, आणि त्यातच वाघ ज्यांच्यावर जगतो ते प्राणीही येतात. जंगलात वाघ किती टिकतील हे सांबर-चितळ किती आहेत यावर ठरते, त्यामुळे या चित्रांवरूनच त्यांचीही संख्या काढावी असा विचार आता जगभर होतो आहे. कॅमेरा ज्याला मोजतो त्याचेच वागणे बदलत असेल, तर तो हिशेब किती खरा मानायचा?

आधी प्रकाशाचे पाहू. इन्फ्रारेड कॅमेरे मुख्यतः दोन जातींचे. एकात सुमारे ८५० नॅनोमीटरचा प्रकाश देणारे एलईडी असतात, दुसऱ्यात ९४० नॅनोमीटरचे. ८५०चा कॅमेरा चालू झाला की अंधारात समोर उभ्या माणसालाही बारीक लाल ठिपके दिसतात. एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीवर थांबत नाही, दोन्ही बाजूंना थोडा पसरतो. शिवाय आपला डोळाही ७०० नॅनोमीटरला दार लावून घेत नाही. ग्रिफिन, हबर्ड आणि वॉल्ड यांनी १९४७ साली दाखवून दिले की तरंगलांबी वाढेल तशी डोळ्याची संवेदना झपाट्याने घटते, पण प्रकाश पुरेसा तीव्र असेल तर ती १००० नॅनोमीटरपर्यंतही पूर्ण शून्य होत नाही. तेव्हा ‘अदृश्य’ हा शब्द सैल आहे. किती प्रकाश, किती जवळून आणि कोणाच्या डोळ्याला, हे विचारायलाच हवे.

हरणाचा डोळा आपल्यासारखा नाही. जेराल्ड जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या आणि फॅलो हरणांच्या डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी माणसात तीन प्रकारच्या असतात, या हरणांत दोनच. एक निळ्या टोकाला, दुसरी हिरव्याच्या आसपास, ५३७ नॅनोमीटरजवळ. आपली तांबड्या बाजूची पेशी ५६०च्या जवळ सर्वाधिक काम करते, ती त्यांना नाही. अमेरिकेतले शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून रानात फिरू शकतात ते याच कारणाने: दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसते, हरणाला तो रंग उठून दिसत नाही. म्हणजे तांबड्या टोकाला हरीण आपल्यापेक्षा अधू आहे, आणि इन्फ्रारेड त्याच टोकाच्या पलीकडे आहे. इतक्यावर थांबले तर उत्तर सरळ आहे: आपल्याला जे जेमतेम दिसते, ते त्याला दिसणार नाही.

पण रात्रीचा कारभार शंकूपेशींचा नसतो. अंधारात दंडपेशी काम करतात, आणि हरणाची बाहुली मोठी, दंडपेशी भरपूर. दृष्टिपटलामागे परावर्तक पडदाही असतो, त्यामुळे आत आलेला प्रकाश पेशींवरून दुसऱ्यांदा जातो. बॅटरीच्या झोतात चितळांचे डोळे चमकतात ते या पडद्यामुळेच. ८५०च्या एलईडीची तांबड्याकडे झुकलेली किनार अशा डोळ्याला चार-पाच मीटरवरून मंद ठिपका म्हणून जाणवत असेल, हे मला अशक्य वाटत नाही. ९४०ची गोष्ट वेगळी. त्याची किनारही बरीच दूर पडते, आणि तिथे डोळ्याची संवेदना इतकी घटलेली असते की हरणाला तो प्रकाश दिसतो असे म्हणायला आधार उरत नाही.

तरीही ९४०च्या कॅमेऱ्यातली हरणे भिंगाकडे पाहतातच. दिवसाही पाहतात. दिवसा एलईडी पेटत नाहीत, तरी जनावर थबकते, मान वर करते, पुढचा पाय आपटते. या एका निरीक्षणाने निम्मा वाद निकालात निघतो. हरीण प्रकाश न पाहताही कॅमेरा ओळखू शकते.

ऑस्ट्रेलियातल्या पॉल मीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वेगवेगळ्या बनावटीच्या कॅमेरा ट्रॅपचा प्रकाश आणि आवाज दोन्ही मोजले. हे कॅमेरे अनेक सस्तन प्राण्यांना दिसू शकतात आणि ऐकूही येऊ शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याला मुका वाटणारा डबा मुका नसतो. दिवसाच्या चित्रांत रंग बरोबर यावेत म्हणून भिंगामागे इन्फ्रारेड अडवणारी काच असते, रात्री ती यांत्रिकपणे बाजूला सरकते आणि टक् असा बारीक आवाज होतो. आतल्या विद्युत मंडलातून माणसाच्या कानापलीकडचेही आवाज निघतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या श्रवणाच्या चाचण्यांत ती आपल्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेच्या वरचे आवाज ऐकतात असे आढळले आहे. वारा पडलेल्या रात्री, पाचोळ्यात एक पान मोडले तरी ज्याचा कान वळतो त्या सांबराला हा टक् ऐकू येत नसेल, असे कोण म्हणेल? त्यात वासाची भर. कॅमेरा बांधताना वनरक्षकाचा हात खोडाला लागतो, पट्टा नवा असतो, खाली गवत तुडवलेले असते. आणि कालपर्यंत मोकळ्या असलेल्या झाडावर आज चौकोनी डबा बसलेला असतो. रोजच्या वाटेवरच्या जनावराला तेवढेही पुरते.

इथे चित्रांकडूनच फसायला होते. रोखून पाहणारे हरीण ठळकपणे लक्षात राहते, तोंड फिरवून निघून गेलेले राहत नाही, त्यामुळे त्रास आहे त्याहून मोठा वाटू शकतो. उलट, ज्याला कॅमेरा आधीच कळला आणि जे झुडपाआडून वळसा घालून गेले, त्याचे चित्र येतच नाही. दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते, कारण ती दिसत नाही. वाघांच्या गणिताला याची जाण आहे. नेपाळच्या बर्दिया राष्ट्रीय उद्यानातल्या अभ्यासाने २००४ साली वाघ कॅमेऱ्यांना बुजत असल्याचे मांडले होते, आणि ओळख पटवून केलेल्या मोजणीत असे बुजणे हिशेबात धरण्याच्या पद्धतीही आहेत. चितळाला मात्र ठिपक्यांवरून एकेक करून ओळखणे व्यवहारात जमत नाही, सांबराला तर ठिपकेही नाहीत. मग चित्रांची संख्या, जनावराचा वेग आणि कॅमेऱ्याचा टप्पा यांवरून घनता काढायची २००८ साली मांडली गेलेली पद्धत हाती राहते. तिचे गृहीतक हेच की प्राण्याच्या चालीवर कॅमेऱ्याचा परिणाम होत नाही. सांबर भिंगासमोर अर्धा मिनिट खिळले किंवा झटक्यात पळाले, तर आकडा हलतो.

हे अगदी जवळचे उदाहरण घेऊन पाहू. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ मार्ग बांधले आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावून तपासले, आणि १८ जातींचे वन्यप्राणी त्या मार्गांनी जाताना सापडले. देशातल्या पुढच्या रस्त्यांसाठी हा पुरावा फार मोलाचा आहे आणि तो कॅमेऱ्याशिवाय मिळालाच नसता. पण पुलाखालच्या वाटेला दोन्हीकडे भिंत असते. तिथे कॅमेऱ्याला चुकवून जायला जागा नाही, मागे फिरणे तेवढे शक्य आहे. एखादी बुजरी मादी कॅमेऱ्यामुळे मागे फिरली, तर नोंद ‘या जातीला हा मार्ग मानवला नाही’ अशी होईल. अशा अरुंद जागी ९४०चाच कॅमेरा हवा, तोही वाटेच्या समोर न लावता उंच आणि तिरका.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवी. जंगल जाणण्याच्या सगळ्या साधनांत कॅमेरा ट्रॅप बहुधा सर्वांत सौम्य आहे. कॉलर बसवायची तर जनावर बेशुद्ध करावे लागते. पायी पाहणीला माणसांना पहाटे रान तुडवावे लागते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात संयुक्त प्रांतात तारेला पाय लागून उडणाऱ्या झोताने रात्रीचे वाघ टिपले. त्या भडक्याच्या तुलनेत आजचा कॅमेरा काहीच नाही. महामार्गावरचे हेडलाइट आणि हॉर्न हरणाच्या रात्रीचे जे करतात, त्यापुढे एक टक् क्षुल्लक आहे. प्राणी सरावतातही.

आणि ९४० फुकट मिळत नाही. त्या तरंगलांबीला कॅमेऱ्याचा संवेदकही कमी दाद देतो, म्हणून टप्पा कमी होतो, चित्र दाणेदार येते, चालत्या जनावराचे पाय पुसट होतात. वाघाचे पट्टे जुळवायला स्वच्छ चित्र लागते, त्यामुळे इन्फ्रारेडऐवजी पांढरा झोत टाकणारे कॅमेरे लगेच हद्दपार करता येणार नाहीत. खरे तर ९४० घेतला जातो तो अनेकदा हरणासाठी नव्हे, माणसासाठी. शिकाऱ्याला, कॅमेरा चोरणाऱ्याला तो दिसू नये म्हणून. त्याच न दिसणाऱ्या डोळ्यासमोरून सरपणाला आणि मोहफुले वेचायला आलेल्या बायाही जातात. तो प्रश्न स्वतंत्र आणि मोठा आहे, पण खरेदी करताना तोही टेबलावर असायला हवा.

माझे मत असे. हरणाला ९४० दिसतो हा दावा टिकत नाही, ८५० जवळून पुसट जाणवत असावा, आणि कॅमेरा हरणाला कळतो तो मुख्यतः कानाने, नाकाने आणि ओळखीच्या जागेतल्या बदलाने. त्यामुळे कॅमेरे काढण्याचे कारण नाही. पण भक्ष्य प्राण्यांची संख्या काढायची असेल तर निव्वळ चित्रे मोजणे पुरेसे नाही. प्रत्येक चित्रासोबत प्राण्याने पाहिले, थबकले की पळाले याची नोंद हवी. बसवल्यावर पहिले काही दिवस हिशेबातून वगळावेत. काही ठिकाणी पहिल्या कॅमेऱ्यावर दुरून नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा लावावा, म्हणजे वळसा घालणारी जनावरेही सापडतील. यासाठी नवे यंत्र लागत नाही, थोडी अधिक मेहनत लागते.

एका जागेबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत नैसर्गिक पाणी आटते आणि मैलोगणती एखादाच पाणवठा उरतो. तिथे सांबराला कॅमेरा आवडला नाही म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. त्या दोन महिन्यांत पाणवठ्याच्या काठावर पांढरा झोत टाकणारा एकही कॅमेरा नसावा, मग तो संशोधकाचा असो, वनखात्याचा असो की परवानगी घेऊन आलेल्या छायाचित्रकाराचा. तिथे ९४०चाच लावावा, पाण्यापासून हटून, येणाऱ्या वाटेवर.