विस्मरणाचा शृंगार : 'फ्यूचरामा' आणि तिचे चाहते

लोकप्रिय करमणुकीच्या चाहत्यांमधील वाद हा समीक्षेचा विषय मानण्याची प्रथा आपल्याकडे नाही. अमुक नायक-नायिकेचे जमावे की जमू नये, याची चर्चा समीक्षकाने करावी हे विद्यापीठीय अभिरुचीला काहीसे हलके वाटते. तथापि एखाद्या विनोदी मालिकेतील प्रेमकथा चौदा वर्षे रेंगाळते आणि तिचा शेवट नेमका कोणता यावर चाहत्यांचे एकमत होत नाही, तेव्हा तेथे संहितेच्या घडणीचाच एक प्रश्न उभा राहतो. मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली व डेव्हिड कोहेन यांच्या सहकार्याने विकसित झालेली 'फ्यूचरामा' ही अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका याचे ठळक उदाहरण होय.

1999 च्या अखेरच्या रात्री गोठून गेलेला पिझ्झा पोचवणारा फ्राय हजार वर्षांनी जागा होतो आणि लीला या एकाक्ष अवकाशयान-चालिकेच्या प्रेमात पडतो. तो आळशी आणि मंदबुद्धी. ती कर्तबगार, अनाथालयात वाढलेली, आपल्या वेगळेपणाने एकाकी झालेली. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आहे. येथे क्रम उलटा आहे. हास्याच्या चौकटीत शृंगार चोरपावलांनी शिरतो आणि ती चौकट त्याला टिकू देत नाही. विनोदी मालिकेचा अलिखित नियम असा की प्रत्येक भागाच्या अखेरीस सारे पूर्वपदावर यावे. हळूहळू वाढणाऱ्या प्रेमाला मात्र कालचे आज आठवावे लागते. या दोन नियमांच्या संघर्षातून मालिकेतील उत्तम भाग जन्मले आहेत.

2001 मधील 'टाइम कीप्स ऑन स्लिपिन' हा भाग पाहावा. काळ मध्येच उड्या मारू लागतो. अशाच एका उडीनंतर फ्राय आणि लीला विवाहवेदीवर उभे असल्याचे आढळते. परंतु ती कशाने वश झाली, हे दोघांनाही आठवत नाही. लीलाला यात फसवणूक दिसते आणि लग्न मोडते. अखेरीस फ्रायला दिसते की त्याने आकाशातील तारेच हलवून तिच्यासाठी प्रेमाची कबुली लिहिली होती. त्याच क्षणी ती अक्षरे नष्ट होतात. लीला ती पाहत नाही. येथे 'शाकुंतला'चे स्मरण अपरिहार्य आहे. दुर्वासाच्या शापाने दुष्यंत विसरतो, पण प्रेक्षकाला शाप ठाऊक असतो आणि मुद्रिका सापडताच नायकाला ओळख पटते. 'फ्यूचरामा'त मुद्रिकाच भस्म होते. नायिकेला जे कधीच कळणार नाही, ते प्रेक्षकाच्या स्मृतीत मात्र कायमचे राहते. चाहत्यांच्या वादाचे मूळ येथे आहे. पात्रांना न आठवणारी कथा तेच वर्षानुवर्षे सांभाळत आलेले असतात. तिच्यावर हक्क सांगताना त्यांचा आवाज चढतो, यात नवल नाही.

या वादातील सर्वांत गंभीर आक्षेप फ्रायच्या चिकाटीवर आहे. वारंवार नकार मिळूनही पाठपुरावा करणाऱ्या पुरुषाला मालिका अखेरीस बक्षीस देते, असे एका पक्षाचे म्हणणे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पुष्कळ भागांत लीलाचा नकार केवळ विनोदाचे साधन म्हणून वापरला गेला आहे. पण 2003 मधील अखेरच्या भागाला तो लागू पडत नाही. तेथे फ्राय सैतान-यंत्राशी हातांची अदलाबदल करून होलोफोनर या वाद्यावर प्रभुत्व मिळवतो आणि लीलावर संगीतिका रचतो. सैतानाशी लग्न करण्याच्या पेचातून तिला सोडवण्यासाठी तो ते कुशल हात परत देतो. त्याचे बेसूर वादन ऐकून सभागृह रिकामे होते. एकटी लीला थांबते आणि शेवट ऐकायची इच्छा व्यक्त करते. चिकाटीने जिंकलेली ही नायिका नव्हे. प्रथमच निवड तिची आहे, आणि तीही कौशल्य उरले नसताना केलेली.

फॉक्स वाहिनीने मालिका थांबवली तेव्हा हाच शेवट होता, आणि तो पुरेसा होता असे मानणारा चाहतावर्ग आजही मोठा आहे. पुढे 2007 ते 2009 या काळात चार चित्रपट आले. चौथ्याच्या अखेरीस उघड कबुली झाली. 2010 पासून कॉमेडी सेंट्रलवर मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा हे प्रेम कधी आहे तर कधी नाही, अशी अवस्था झाली. या काळातील लेखनावरचा चाहत्यांचा राग रास्त वाटतो. विप्रलंभाला पूर्वराग, मान, प्रवास अशी कारणे लागतात. लेखकाची सोय हे त्यांपैकी नव्हे.

2013 च्या 'मीनव्हाइल' या भागाने मात्र ही चूक बरीचशी भरून काढली. काळ थांबतो, सारे जग गोठते. केवळ फ्राय आणि लीला चालतीफिरती उरतात. ती विवाह करतात, निश्चल पृथ्वीवर हिंडतात, म्हातारी होतात. मग काळ मागे नेण्याचा मार्ग सापडतो. त्याची किंमत म्हणजे या आयुष्याची आठवण. दोघेही पुन्हा आरंभाकडे जाण्यास राजी होतात. याला पळवाट म्हणणारे चाहते आहेत. परंतु 2001 मध्ये विस्मरण पात्रांवर कोसळले होते; 2013 मध्ये ती ते जाणूनबुजून पत्करतात. मालिकेच्या पूर्वपदाचा यांत्रिक नियम येथे पात्रांचा स्वतःचा निर्णय बनतो. संहितेच्या दृष्टीने 2003 च्या शेवटाहून हा अधिक प्रगल्भ आहे, हे मान्य करावे लागेल. जरी त्या बेसूर वादनाइतका तो हृद्य नसला तरी.

2023 मध्ये हुलूवर मालिका परतली, त्यात ही दोघे जोडपे म्हणूनच वावरतात. ते गोठलेले, पुसले गेलेले सहजीवन मात्र प्रेक्षकांच्या स्मृतीत राहते.