पोटातला स्टेंट कधी काढायचा, हे कोण सांगणार?

स्टेंट म्हटलं की आपल्याकडे हृदयच आठवतं. 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, तेव्हा तर हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. एकदा बसवला की तो जन्मभर राहतो, हेही आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. घोटाळा इथेच होतो.

गेल्या वर्षी आमच्या मामांना कावीळ झाली. आठ दिवस गावठी औषध आणि पथ्य करण्यात गेले. शेवटी तपासणीत कळलं, पित्तनलिकेत खडे अडकलेत. दुर्बिणीतून खडे काढले, एक मोठा राहिला, म्हणून वाट मोकळी राहायला प्लास्टिकचा स्टेंट टाकला. कावीळ उतरली, भूक लागली, मामा परत शेतात जायला लागले. सगळे विसरलो.

सात महिन्यांनी एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. पोटात कळ, डोळे पुन्हा पिवळे. स्टेंट बुजला होता आणि जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. मामा आयसीयूतून परत आले, हे नशीब.

नंतर फाईल काढली. डिस्चार्ज कार्डावर अगदी खाली, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलेलं: तीन महिन्यांत स्टेंट काढणे. मामी म्हणाली, "अरे, मला वाटलं ते औषधाचं नाव आहे."

यात मामीची काय चूक?

हा स्टेंट म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढी बारीक नळी. तिच्या आत जंतूंचा थर बसतो, त्यावर पित्ताचा गाळ साचतो. म्हणून साधारण तीन महिन्यांत ती काढायची किंवा बदलायची असते. कधी ती जागेवरून सरकते. धातूच्या जाळीचा स्टेंट जास्त टिकतो, पण कॅन्सरची गाठ जाळीतून आत वाढली तर तोही बंद होतो.

डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायला हे लिहीत नाही. स्टेंटमुळेच मामांची पहिली कावीळ उतरली. कदाचित त्यांनी तोंडी सांगितलंही असेल. पण डिस्चार्जच्या दिवशी घरचे बिलाच्या आणि गाडीच्या गडबडीत असतात. मोबाइलचा रिचार्ज संपायच्या आधी चार मेसेज येतात. बाळाच्या लसीची आठवण करायला आशाताई दारात येतात. मग शरीरात ठेवलेल्या नळीची तारीख एकट्या पेशंटने का लक्षात ठेवायची?

मागणी साधी आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने स्टेंट काढायची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरात वेगळ्या कार्डावर द्यावी. स्टेंट टाकलेल्यांची नोंदवही ठेवावी आणि तारीख जवळ आली की फोन करावा. काढायला किती खर्च येईल, तो सरकारी योजनेत बसतो का, हेही टाकतानाच सांगावं. नाहीतर पैशाअभावी माणूस टाळतच राहतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. घरात कुणाच्या पोटात स्टेंट असेल तर आजच फाईल काढा, तारीख बघा, समजत नसेल तर हॉस्पिटलला फोन करून विचारा. थंडी वाजून ताप, पोटात दुखणं किंवा पुन्हा कावीळ दिसली, तर गावठी औषधात दिवस घालवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि ही पोस्ट घरच्या ग्रुपवर टाका. एखाद्या मामीला त्या ओळीचा अर्थ वेळेत कळेल.