विश्लेषण : मोनेंच्या तळ्यासाठी पॅरिसने दालन बांधले, डहाणू-तलासरीच्या वारली भिंतीचे काय?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या निधनाला ५ डिसेंबर २०२६ रोजी १०० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांनी रंगवलेले कुमुदिनीचे तळे पाहायला आजही जगभरातून लोक पॅरिसला जातात. भिंतभर चित्रांची परंपरा पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतही आहे आणि ती जगाला माहीत आहे. पण फ्रान्सने चित्र, त्याची जागा आणि त्यावर पडणारा उजेड असे सगळेच जपले. आपल्याकडे चित्राला पुरस्कार आणि मानांकन मिळाले, चित्र जिथून आले ती भिंत आणि तो परिसर मात्र वेगाने बदलतो आहे.

मोनेंच्या चित्रांचे वेगळेपण काय?

मोने १८८३ मध्ये फ्रान्समधील झिव्हर्नी गावात राहायला गेले. १८९३ मध्ये त्यांनी घराजवळची जमीन घेतली आणि ओढ्याचे पाणी वळवून तळे करायचे ठरवले. परदेशी झाडांमुळे पाणी विषारी होईल, अशी धास्ती गावकऱ्यांनी घेतली. अखेर प्रशासनाची परवानगी मिळाली. पुढची सुमारे तीन दशके हेच तळे मोने यांच्या चित्रांचा मुख्य विषय राहिले.

अखेरच्या काळातील चित्रांत काठ नाही, क्षितिज नाही. नुसते पाणी, त्यावरची पाने-फुले आणि पाण्यात उतरलेले आभाळ. पाहणाऱ्याला वाटते, आपणच तळ्यात उभे आहोत. असा परिणाम साधायचा तर चित्र मोठेच हवे. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात अशी आठ चित्रे दोन लंबगोल दालनांत मांडली आहेत. त्यांची उंची सुमारे दोन मीटर असून एकत्रित लांबी ९० मीटरहून अधिक आहे. मोने यांना तेव्हा मोतीबिंदूने ग्रासले होते. १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली.

सरकारने त्यासाठी दालन का बांधले?

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले आणि मोने यांनी लगेच ही चित्रे देशाला देऊ केली. पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो त्यांचे मित्र होते. त्यांनी हा प्रस्ताव तडीस नेला. १९२२ मध्ये करार झाला, चित्रांच्या मापाने दालने तयार झाली आणि मोने यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, मे १९२७ मध्ये ती खुली झाली.

पण फ्रान्सकडूनही चूक झालीच. १९६० च्या दशकात दुसऱ्या एका चित्रसंग्रहासाठी दालनांवर मजला चढवला गेला आणि छतातून येणारा नैसर्गिक उजेड बंद झाला. चित्रे होती तशीच राहिली, पण दिसायची वेगळी. ही चूक सुधारायला २००६ साल उजाडले. चित्र शाबूत ठेवणे पुरेसे नसते, त्याचा परिसरही शाबूत लागतो, हा या प्रकरणाचा धडा.

वारली भिंत आणि ‘चौक’ म्हणजे काय?

वारली घराची जुनी भिंत कुडाची. कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर शेण-मातीचा लेप द्यायचा. त्यावर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने पांढरी रेघ. लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर ‘चौक’ लिहितात. हो, वारलींमध्ये चौक काढत नाहीत, ‘लिहितात’. मध्ये पालघट ही सुफलतेची देवी, भोवती झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

या चित्रालाही क्षितिज नसते. पाहण्याची एकच ठरावीक जागा नसते. तारपा नाचाचा वेटोळा कुठूनही पाहावा. फरक इतकाच की मोने यांची चित्रे टिकवण्यासाठी होती, चौक मात्र विधीसाठी असतो. तांदळाची रेघ पावसाळ्यात पुसट होते, भिंत पुन्हा सारवली जाते आणि पुढच्या लग्नाला पुन्हा लिहिले जाते. म्हणजे इथे टिकते ती लिहिणारी बाई आणि लिहिण्याचे निमित्त.

जिव्या सोमा म्हसे यांनी काय बदलले?

तलासरी तालुक्यातील धामणगावात १९३४ मध्ये जन्मलेले म्हसे पुढे डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिले. लहानपणी आई गेल्यानंतर त्यांची वाचा बसली होती आणि ते मातीत चित्रे काढून बोलत, असे सांगितले जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली. म्हसे विधीच्या चौकटीबाहेर, रोज, स्वतःसाठी चित्रे काढू लागले.

त्यांचे सर्वाधिक गाजलेले चित्र मासेमारीच्या जाळ्याचे. शेणाने सारवलेल्या मोठ्या कापडावर जाळ्याचे बारीक विणकाम पसरत जाते आणि त्याच्याभोवती मासे, माणसे, झाडे इवलीशी होऊन जातात. पाणी कुठेच रंगवलेले नाही, तरी सगळीकडे आहे. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग, २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

यात एक बाजू झाकली गेली. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायका होत्या. कागदावर सही करणारे मात्र बहुतांश पुरुष ठरले.

भौगोलिक मानांकनाने काय साधले?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच या नावाने अधिकृत माल विकता येतो. कायद्यात खोट्या वापरासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र हे मानांकन नावाचे रक्षण करते, शैलीचे नाही. यंत्रावर छापलेल्या साडीवरचे तारपा नर्तक ‘वारली’ हे नाव न लावता विकले, तर हात बांधले जातात.

स्वामित्वहक्काचा कायदा व्यक्तीच्या कलाकृतीला तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण देतो. त्या हिशेबाने म्हसे यांच्या चित्रांचे हक्क २०७८ च्या अखेरपर्यंत राहतील. पण पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेलेल्या चौकाला एक कर्ता नाही. म्हणून त्याला हे संरक्षणही मिळत नाही.

वाढवण बंदराचा याच्याशी संबंध काय?

केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला हिरवा कंदील दिला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकला जाणार आहे. तव्यापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता बंदराला महामार्गाशी जोडणार आहे.

सरकारचे म्हणणे असे की, इथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, मोठी कंटेनर जहाजे थेट येतील आणि लाखो रोजगार तयार होतील. थेट फटका बसणार म्हणून किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोधात उभे आहेत. आतल्या पाड्यांवर परिणाम वेगळ्या वाटेने पोहोचतो : जमीन संपादन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन. म्हसे यांच्या चित्रांतले जाळे, भातखाचर आणि रान हे त्यांच्या रोजच्या जगण्यातले होते. ते जगणे पातळ होत गेले तर चित्रे येत राहतील, पण आधीच्या चित्रांवरून काढलेली.

मग कुडाच्या भिंती तशाच ठेवायच्या का?

नाही. पक्के घर ही वारली कुटुंबांची गरज आहे आणि हक्कही. कला टिकावी म्हणून कुणी गळक्या घरात राहावे, असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. चौक सिमेंटच्या भिंतीवरही लिहिता येतो. प्रश्न आहे तो लिहिणाऱ्या बायकांना मान आणि मोबदला मिळण्याचा, आणि निर्णयात वाटा मिळण्याचा. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. इथे पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. ती कागदावर उरकली जाते की खरोखर होते, यावर बरेच अवलंबून आहे.

मोठी वारली चित्रे एकत्र ठेवण्याचे काम परदेशात झाले आहे. जपानमध्ये निगाता प्रांतातील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयात वारली चित्रांचाही संग्रह आहे. ज्या मुलांच्या आज्यांनी चौक लिहिले, त्या मुलांना अशी चित्रे शाळेच्या सहलीत पाहता येतील, असे दालन डहाणू किंवा तलासरीत उभे करणे ७६ हजार कोटींच्या प्रकल्पाशेजारी मोठा खर्च ठरणार नाही.

ग्राहकाच्या हातातही थोडे आहे. वारली चित्र घेताना कलाकाराचे नाव, गाव आणि मानांकनाची नोंद विचारावी. ‘हाताने काढले की छापले’ एवढे विचारले तरी विक्रेत्याला उत्तर द्यावे लागते. रेल्वे स्थानके आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर वारली चित्रे रंगवून घेताना हाच प्रश्न सरकारी निविदेतही यायला हवा : चित्र कोणी काढले आणि पैसे कोणाला मिळाले?