खोडदच्या तबकड्या आणि माळ्यावरची बिलबुके

नारायणगावहून खोडदकडे जाणारा रस्ता टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून पुढे सरकतो, आणि मग क्षितिजावर एकामागून एक अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. ही पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची 'जीएमआरटी' दुर्बीण. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतील 14 खोडदच्या मध्यवर्ती माळावर आणि उरलेल्या 16 तीन दिशांना फाकलेल्या भुजांवर. टोकाच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. तारे आणि दीर्घिका यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी पकडणे हे तिचे काम; परंतु ती कशी घडवली गेली, हा विषय खगोलशास्त्रापेक्षा कारखानदारीच्या इतिहासाचा अधिक आहे.

त्या इतिहासाच्या अभ्यासाला औद्योगिक पुरातत्त्व म्हणतात. इंग्लंडमध्ये मायकेल रिक्स यांनी 1955 साली एका लेखातून हा शब्द रूढ केला. त्यानंतर काही वर्षांतच लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान पाडली गेली, आणि गिरण्या, भट्ट्या, पूल व यंत्रे यांनाही देवळा-किल्ल्यांइतकेच जपले पाहिजे, हा विचार लोकांना पटू लागला. आपल्याकडे तो उशिरा पोहोचला. मुंबईत 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. माग भंगाराच्या भावाने गेले, आणि काही ठिकाणी चिमणी तेवढी उरली. जमिनीची किंमत सर्वांना कळत होती, मागाची कोणालाच कळली नाही.

खोडदची गोष्ट निराळी आहे, कारण येथील यंत्र अजून चालू आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्यासमोरचा प्रश्न साधा आणि कठीण होता. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली तर वारा तिला पेलू देत नाही. वाऱ्याला पुरून उरेल इतकी मजबूत केली तर खर्च पेलत नाही. त्यांनी तबकडी जाळीची केली. सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीची पोलादी तार, एक ते दोन सेंटिमीटरची भोके, आणि ती जाळी ताणून पॅराबोलाचा आकार देणारे दोर. धान्याच्या व्यापाऱ्याला यातील मर्म सांगावे लागणार नाही. चाळणीचे भोक दाण्यापेक्षा पुरेसे लहान असले की दाणा खाली पडत नाही. येथे दाणा म्हणजे 21 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहर; ती जाळीवरून परत फिरते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. काटकसरीला कमीपणा न मानणाऱ्या बुद्धीची ही रचना आहे. त्याआधी 1965 मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या 32 छोट्या तबकड्यांवर याच गटाने सुरुवात केली होती, आणि 1970 मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारली होती. खोडदची दुर्बीण 2002 पासून जगभरच्या अभ्यासकांना खुली झाली. 2020 मध्ये विद्युत अभियंत्यांच्या 'आयईईई' या जागतिक संस्थेने तिला आपल्या 'माइलस्टोन' मालिकेत स्थान दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रा. स्वरूप निवर्तले.

इंग्लंडमधील जोड्रेल बँक येथील 1957 सालची 76 मीटरची दुर्बीण 2019 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, आणि ती आजही काम करते. चालत्या यंत्राला वारसा मानण्यात एक पेच आहे. उपयोगी राहायचे तर त्याने बदलत राहिले पाहिजे. खोडदलाही गेल्या दशकात ग्राहक यंत्रणा आणि संगणकीय भाग मोठ्या प्रमाणावर बदलले गेले. बदलले नसते तर ती आज शोभेची वस्तू ठरली असती. म्हणून येथे जपायचे ते लोखंड कमी आणि कागद अधिक. आराखडे, चलने, हजेरीपट, कोणत्या तारेला कोठे गंज चढला आणि कोणी काय उपाय केला, याच्या नोंदी.

या भागाने या यंत्रासाठी किंमतही मोजली आहे. रेडिओ-शांतता राखण्यासाठी परिसरातील उद्योगांवर निर्बंध आले. पुणे–नाशिक रेल्वेचा नियोजित मार्गही दुर्बिणीच्या कारणावरून अडला, कारण विजेवर धावणाऱ्या गाडीचा गोंगाट आकाशातील अतिक्षीण संदेशांना बुडवून टाकतो. जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांनी या रेल्वेवर मोठी आशा ठेवली होती. त्यांची नाराजी गैर म्हणता येणार नाही, आणि शास्त्रज्ञांची हरकतही खोटी नाही. औद्योगिक वारशाच्या एखाद्या स्थळाने आपल्या भोवतीचे उद्योगच दूर ठेवावेत, हा योग दुर्मीळ आहे. त्याची हकीकत लिहिताना या नाराजीची नोंदही तबकडीच्या आराखड्याशेजारीच यावयास हवी.

याच जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रेणींचे उल्लेख कोरलेले आहेत: धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे. कोणत्या श्रेणीकडे काय ठेवले आणि त्यातून कोणता खर्च भागवायचा, हे दगडावर आहे; एक प्रकारची खतावणीच ती. मध्ययुगात आणि पेशवाईत जुन्नरी कागदाने हेच काम केले. त्या कागदावरील कित्येक दस्त आजही वाचता येतात. 1990 च्या दशकात तबकड्या उभ्या राहात होत्या, तेव्हाच्या खरेदीविक्रीची बिलबुके साध्या कागदाची आहेत. त्यांच्यामागे ना लेण्याचा दगड आहे, ना जुन्नरी कागदाचा टिकाऊपणा. कर-तपासणीची मुदत संपली की दुकानाच्या माळ्यावरून ती रद्दीवाल्याकडे जातात. नारायणगाव, मंचर आणि जुन्नर येथील पेढ्यांमध्ये सिमेंट, सळई, डिझेल, वायर अशा मालाच्या त्या काळातील वह्या अजून असतील, तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत त्या काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात.