अपराध पोटात घालू नये

“शुद्धीवर नव्हता बिचारा!” असे म्हणून आपण मद्यप्याचा अपराध पोटात घालतो. कायदा मात्र तसे करीत नाही. स्वेच्छेने नशा करणाऱ्यास शुद्धीवरील माणसाइतकीच परिणामांची जाणीव होती, असे तो धरून चालतो.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईच्या कार्टर रोडवर, मद्यप्राशन केलेल्या चालकाच्या मोटारीखाली पदपथावर निजलेले ७ मजूर मृत्यू पावले. सत्र न्यायालयाने दिलेली ६ महिन्यांची कैद उच्च न्यायालयाने ३ वर्षांवर नेली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गुन्हा ठरला सदोष मनुष्यवधाचा.

अपघात न घडताही, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास चालकास ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होतात. अमली पदार्थांनाही हेच कलम लागते. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून डिंडोलीकरांनी निर्धास्त राहू नये. येथे मद्यप्राशन हाच मुळात वेगळा गुन्हा आहे.

विद्यार्थिमित्रहो, पहिला पेला उचलताना माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. गाडीची किल्ली त्याच्याजवळून काढून घ्यावयाची ती त्याच क्षणी. मग तो वडीलधारा का असेना!