चिलखत दोघांनाही सारखेच हवे

‘मॉन्स्टर हंटर’ या जपानी व्हिडिओ गेममध्ये शिकारी पुरुषांची चिलखते वेगळी आणि स्त्रियांची वेगळी, अशी वाटणी वर्षानुवर्षे होती. २०२५मध्ये आलेल्या ‘वाइल्ड्स’ या भागात ती मोडली. कोणतेही चिलखत कोणीही घालावे. या निर्णयाचे मनापासून स्वागत करायला हवे.

अद्भुतरम्य कथा-चित्रांत लढणाऱ्या स्त्रीचे पोट आणि मांड्या उघड्या टाकण्याची रीत मुरलेली आहे. रॉबर्ट हॉवर्डच्या १९३४मधल्या कथेतली योद्धा सोन्या पोलादी टोप आणि कड्यांचे चिलखत घालून लढते. तिच्यावरून सत्तरच्या दशकात मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने ‘रेड सोन्जा’ घडवली आणि त्या चिलखताची लवकरच बिकिनी झाली. लेखकाने दिलेले संरक्षण चित्रकारांनी काढून घेतले.

छातीवरचा पत्रा मध्ये उंच ठेवतात, तो वार बाजूला घसरावा म्हणून. त्यावर स्त्रीदेहाचे दोन उभार ठोकले, की वार मधल्या खाचेत, थेट छातीच्या हाडाकडे वळतो. शिवाय आत जाड अस्तराचा अंगरखा असतो. बाहेरून देहाचा आकार दिसण्याचे कारणच उरत नाही. खऱ्या युद्धातही हेच दिसते. फ्रेंच योद्धा जोन ऑफ आर्क हिच्यासाठी १४२९मध्ये तूर शहरात पुरते चिलखत घडवले गेले. त्याच वर्षी जार्झोच्या तटाला भिडताना तिच्या डोक्यावर दगड आदळला. शिरस्त्राण होते म्हणून ती वाचली.

‘ड्रॅगन चालतो, मग उघडे पोट का खटकते?’ असे विचारले जाते. पण ड्रॅगनच्या जगातही तलवारीने माणूस मरतो, म्हणून तर शेजारचा पुरुष नखशिखान्त लोखंडात असतो. तिच्याच कातडीला वेगळा नियम कशासाठी? उघड्या अंगाने लढणारी जमात रंगवायची, तर दोघांनाही तसेच रंगवा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतली योद्धा ब्रिएन पूर्ण चिलखतात वावरली, तिचे स्त्रीपण कुठेही उणावले नाही, आणि तिच्या तलवारीवर प्रेक्षकांचा विश्वास बसला.

पुण्यातल्या गेम स्टुडिओंत आज अनेक मराठी मुले-मुली पात्रे घडवत आहेत. त्यांनी स्त्री योद्धा रेखाटताना आधी तिचे काम ठरवावे: ती घोड्यावर बसते की तट चढते, तिच्यासमोर बाण आहे की भाला. वेश त्यावरून ठरावा. तिला लढायला पाठवायचे असेल, तर लढण्याची साधनेही पुरती द्या.